रक्तातले आकडे आणि आयुष्याचे माप



फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या माणसाचे रक्त तपासून तो किती दिवसांचा सोबती आहे, हे सांगता येते काय? उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरची जी कुटुंबे भल्या पहाटे लोकल धरून परळच्या टाटा रुग्णालयात जातात, त्यांच्या पिशवीतल्या रिपोर्टात हा प्रश्न दडलेला असतो. एखाद्या आकड्यापुढे चांदणी दिसली की घरातल्यांच्या तोंडचे पाणी पळते.

कर्काच्या पेशी काही द्रव्ये रक्तात सोडतात. त्यांपैकी ‘सीईए’ हे द्रव्य गोल्ड आणि फ्रीडमन या कॅनडातील संशोधकांनी १९६५ साली उजेडात आणले. तेही आतड्याच्या कर्करोगात! पुढे फुप्फुसासाठी त्याच्या जोडीला ‘सिफ्रा’ आणि ‘एनएसई’ आली. शस्त्रक्रियेपूर्वी सीईए चढलेले असेल तर अशा रुग्णांचे आयुष्य सरासरीने कमी भरते, आणि शस्त्रक्रियेनंतरही ते उतरले नाही तर काळजी अधिक, हे खरे आहे. पण सरासरी ही शेकडो रुग्णांची असते. तुमच्या वडिलांची नव्हे.

शिवाय ही द्रव्ये मोठी लबाड! ज्याला कर्करोग नाही अशा विडी ओढणाऱ्याचेही सीईए चढलेले सापडते. एनएसई तर तांबड्या पेशींतही असते. काढलेले रक्त नळीत नासले, पेशी फुटल्या, की आकडा उगाच फुगतो. म्हणून एका आकड्यावर विसंबू नये. बदलापूरकरांना हे सांगायला नको. पावसाळ्यात उल्हास नदीचे पाणी किती आहे, एवढे कळून भागत नाही. चढते आहे की ओसरते आहे, ते पाहावे लागते. उपचार चालू असताना रक्त पुन्हापुन्हा तपासायचे ते एवढ्यासाठी. मात्र तपासणी एकाच प्रयोगशाळेत करावी. पद्धत बदलली की आकडाही बदलतो.

आयुष्याचा अंदाज मुख्यतः दुसऱ्याच गोष्टींवरून बांधतात: रोग कुठवर पसरला आहे, रुग्ण हिंडता-फिरता आहे काय, आणि गाठीच्या तुकड्यात ‘ईजीएफआर’सारख्या जनुकात बदल आहे काय. तो बदल असला तर नुसत्या गोळ्यांनी रोग पुष्कळ काळ आटोक्यात राहू शकतो, मग सीईए कितीही असो! चांदणी पाहून “आता काय उपयोग?” म्हणत उपचार सोडणारे घर ही संधीच दवडते.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. खोकला लांबला, क्ष-किरणात छाया दिसली, की क्षयाची शंका प्रथम येते, आणि ती यावीच. परंतु थुंकीत जंतू न सापडता औषधे महिनोन्‌महिने चालू राहतात आणि छाया मात्र हलत नाही, तेव्हा तुकडा काढून तपासण्याचा आग्रह धरा. तिथे रक्ताचा आकडा निवाडा देऊ शकत नाही.

राहता राहिली धडधाकट माणसांसाठी जाहिरातीत झळकणारी ‘कर्करोगाची रक्ततपासणी’. फुप्फुसापुरते बोलायचे तर या द्रव्यांसाठी पैसे घालवू नका. ज्यांनी वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढली आहे, त्यांनी कमी किरणांच्या सीटी स्कॅनविषयी डॉक्टरांना विचारावे.