गप्प बसवणारे आम्हीच
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी म्हणाले, वर्धापनदिन आहे, लहान पोरं असतात, विषय जरा बेतानं घ्या. आम्ही म्हटलं, बेतानं घेतो, पण विषय बदलणार नाही. बाईवर अत्याचार होतो, ती बोलायला तोंड उघडते, तेव्हा तिच्या तोंडावर हात कोण ठेवतं, हा आमचा विषय.

वीस-बावीस वर्षं झाली. आम्ही दुसरी पाळी करून रात्री साडेबाराला घरी आलो, तर दारात एक बाप उभा. पोरगी शाळेत जाणारी. करणारा नात्यातलाच. पोरीनं आईला सांगितलं, आईनं बापाला, बाप आमच्याकडं आला. आम्ही वस्तीचे कार्यकर्ते, मोर्चात पुढं, निवेदन देण्यात पुढं. आम्ही काय सांगितलं? उद्या पोरीचं लग्न करायचंय. पोलिसांत गेलास तर वस्तीचं नाव जाईल. आम्ही त्याला समज देतो. समज दिली. पुढच्या पौर्णिमेला तो गृहस्थ विहारात पहिल्या रांगेत बसलेला, आणि पोरीची रवानगी मामाकडं. शाळा सुटली ती सुटलीच.

गेल्या वर्षी ती येऊन भेटली. म्हणाली, "काका, त्यानं केलं त्याच्यापेक्षा तुम्ही गप्प बस म्हणालात ते जास्त दिवस कानात राहिलं. माझं नाव घेऊ नका, पण तुम्ही काय सांगितलंत ते लोकांना सांगा." म्हणून आज उभे आहोत. तिला विचारून बोलतो आहोत.

मग आम्ही वाचायला बसलो. उप्पलवण्णा थेरी आपल्याला अग्रश्राविका म्हणून ठाऊक आहेत. त्यांच्यावर काय बेतलं, ते मात्र आपण प्रवचनात सहसा सांगत नाही. विनयपिटकात ते स्पष्ट लिहिलंय. भिक्षा घेऊन त्या कुटीत परतल्या, एक तरुण आत लपून बसला होता, त्यानं जबरदस्ती केली. त्यांनी ते भिक्खुणींना सांगितलं. भिक्खुणींनी भिक्खूंना, भिक्खूंनी भगवंतांना. पाहा, मधल्या एकानंही ते दाबलं नाही. आणि निवाडा असा की जिची संमती नाही तिच्याकडं दोष नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी! पुढं मात्र भिक्खुणींनी अरण्यात राहायचं नाही असा नियम झाला. गुन्हा पुरुषाचा आणि वाट बंद बाईची, हे आम्हांला टोचतं. भंतेजींनी रागावू नये.

आता आपल्याच महाराष्ट्रातलं. १९७२ च्या मार्चमध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. खटला तिच्या नावानं गाजला, आम्ही ते नाव घेत नाही. सेशन कोर्टानं आरोपी सोडले. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, म्हटलं की भीतीनं गप्प राहणं वेगळं आणि राजी असणं वेगळं. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. का? अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही! ठाण्यात, पोलिसांच्या तावडीत, ती पोर ओरडणार कुणाला? उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. अशा ताब्यातल्या प्रकरणात संबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्टानं तसंच धरून चालायचं. पीडितेचं नाव छापणं गुन्हा झाला, तोही तेव्हाच. एका मजुरी करणाऱ्या मुलीनं तोंड उघडलं म्हणून हे झालं. तिला स्वतःला न्याय मिळाला नाही, हेही विसरू नका.

आजचा कायदा थोडक्यात सांगतो, कारण ठाण्यात गेल्यावर हे लागतं. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. "आमची हद्द नाही" म्हणाले तरी उठू नका. बाईचा जबाब महिला अधिकारीच घेते. दवाखाना सरकारी असो की खाजगी, पहिला उपचार फुकट. झटापट केली नाही म्हणजे राजी होती, असं आता धरता येत नाही. आणि अठरा वर्षांखालचं मूल असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा आहे. त्याच्यात माहीत असून न कळवणारासुद्धा गुन्हेगार. म्हणजे त्या रात्री आम्ही जे केलं, ते आज केलं तर आम्हीच पिंजऱ्यात.

महिला मंडळाला विनंती, कोणी पोरगी आली तर आधी पाणी द्या. तिथं गेलीस कशाला, इतक्या दिवसांनी का सांगतेस, हे विचारू नका. ती सांगेल तेवढं ऐका. ठाण्यात जायचं म्हणाली तर दोघीतिघी सोबत जा. पुरुषांनी बाहेर बाकावर बसावं. आम्हीही बसू.

एक राहिलं. ती या मंडपात आहे की नाही, असं मघापासून काहीजण मागं वळून पाहताहेत. कृपा करून समोर पाहा.