शटर दाबून मिळेल का?



आपल्यापैकी अनेकांचे आजोबा धुळे, जळगाव, नंदुरबारहून ताप्ती व्हॅलीच्या गाडीने सुरतेत उतरले आणि कापडाच्या धंद्यात रुजले. आता मुलं त्याहून लांब जातात. माझी मुलगी जपानात नागोयाला असते. मागे तिच्याकडे गेलो तेव्हा तिने ओसु कान्नोनचं देऊळ दाखवलं. कान्नोन म्हणजे आपल्या अजिंठ्यातला अवलोकितेश्वर. कॅनन कॅमेऱ्याचं नावही मूळ त्याच्यावरूनच आलं. 1934 सालच्या पहिल्या नमुन्याला 'क्वानोन' म्हणत.

आवारात एक आजी डबा खात बसल्या होत्या. मी मुलीचा मोबाइल घेतला आणि न विचारता फोटो काढला. तिकडच्या मोबाइलचा शटरचा आवाज सहसा बंद करता येत नाही. 'खट्' झालं. आजी रागावल्या नाहीत, त्यांनी फक्त डब्यावर झाकण ठेवलं. ते झाकण मला फार लागलं.

त्या रात्री मुलीकडून वाक्यं लिहून घेतली. ती इंग्रजीतून समजावत होती, मला काही उमगेना. मग मी जपानी शब्दांखाली मराठी शब्द मांडले.

'शाशिन ओ तोत्ते मो ई देस का?' शाशिन म्हणजे फोटो. अक्षरांचा अर्थ पाहिला तर 'सत्याची नक्कल'. 'ओ' हा कर्माचा प्रत्यय. तोत्ते मो, काढला तरी. ई देस, चालेल. आणि का म्हणजे चक्क का! फोटो काढला तरी चालेल का? शब्द जागचे हलवावे लागले नाहीत. (लिहिताना 'देसु' असतं, बोलताना शेवटचा उकार गिळतात.) वाक्याची ही चाल हिंदी-गुजरातीचीही आहे, पण शेवटचा 'का' मात्र आपला. दोन्ही भाषांचं नातं नाही, हा निव्वळ योगायोग आहे. पण साठीनंतर भाषा शिकणाऱ्याने योगायोगाचाही आधार घ्यावा.

दुसरं वाक्य आपला फोटो दुसऱ्याने काढावा म्हणून. 'शात्ता ओ ओशिते मोराएमास का?' शटर दाबून मिळेल का? धुळ्याच्या बाजारात 'फॉल-बीडिंग करून मिळेल' अशी पाटी असते ना, तीच रचना! काम त्याने करायचं, पण बोलायचं आपल्याला मिळण्याबद्दल. इंग्रजीत हे सरळ येत नाही. माझी नात इथे 'फोटो पाड' म्हणते, गुजरातीसारखं, आणि मी तिला टोकत असे. हे दुसरं वाक्य तिला मराठीतून एका दमात कळलं, तेव्हापासून टोकणं कमी केलंय.

उत्तरंही शिकावी लागतात. 'दोझो' म्हणजे खुशाल काढा. 'चोत्तो...' म्हणजे 'जरा...', आणि पुढे काहीच नाही. तो नकार असतो. पुढचं ऐकायला थांबायचं नाही, मोबाइल खिशात घालायचा. दुसऱ्या दिवशी देवळाजवळच्या एका दुकानदाराला मी आधी 'सुमिमासेन', म्हणजे माफ करा, म्हणून विचारलं. 'चोत्तो...' म्हणाला. मी मान लववली, त्यानेही लववली.

आजींचा फोटो मी मुलीला काढून टाकायला सांगितला. आमचा दोघांचा एक आहे, अनोळखी जोडप्याने काढलेला. 'शटर दाबून मिळेल का' एवढं मी एकट्याने विचारलं होतं. फोटोत मुलगी कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघतेय.