वाकळ सायकल

 

मी भोकरदन तालुक्यात बचत गटांची समन्वयक आहे. माझा आवाज ऐकला की तुम्हाला वाटत असेल, आली बाई, आता हप्ते आणि हिशोब विचारणार. आज तसं काही नाही. आज मी माझ्या सायकलीबद्दल बोलणार आहे.

ही सायकल तुम्ही पाहिली नसेल तर कशी दिसते ते सांगते. फ्रेम एका सायकलीची, पुढचं चाक दुसरीचं, हॅन्डल तिसरीचं. एक पायडल रबरी, दुसरं लोखंडी. अर्धी हिरवी, अर्धी पिवळी, आणि त्यावर पोळ्याच्या बैलाला देतात तसे गेरूच्या रंगाचे ठिपके. सीटला माझ्या जुन्या साडीचं कव्हर, काठासकट. मी गावात शिरले की पोरं ओरडतात, "आली वाकळ, आली वाकळ!" पहिल्यांदा राग आला. मग वाटलं, नाव बरोबर ठेवलंय. दहा जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून वाकळ शिवतात, तशीच ही जोडलेली.

आता खरी गोष्ट. ही सायकल अशी झाली नाही, ती मुद्दाम अशी केली आहे. का, ते सांगते.

चार वर्षांपूर्वी मी गटातून कर्ज काढून नवी कोरी सायकल घेतली होती. जांभळी, पुढे टोपली असलेली. पहिला महिना मी चालवली. दुसऱ्या महिन्यात धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, जरा डेअरीवर जाऊन येतो." रोज सकाळी दुधाची कॅन सायकलीला आणि मी पायी. मग भाचा क्रिकेटला नेऊ लागला. मागायचं कोणी नाही, सांगून न्यायचे. मी काही बोलले तर "घरातलीच तर वस्तू आहे" हे उत्तर. कॅरिअर वाकलं, टोपली तुटली. आणि एक दिवस बाजारात भाचा कुलूप न लावता चहाला गेला, तेवढ्यात सायकल गेली ती गेलीच. सायकल गेली आणि माझे सहा हप्ते राहिले.

तुमच्या घरात वेगळं असेल तर चांगलंच आहे. पण बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा प्रत्येकीकडे एक तरी अशी गोष्ट निघाली. कोणाच्या मुलीची शाळेतून मिळालेली सायकल भावाकडे गेली, कोणाचा मोबाईल नवऱ्याच्या खिशात राहतो. चांगली वस्तू बाईच्या हातात टिकत नाही. वाकळ मात्र कोणी मागत नाही आणि चोर तिच्याकडे बघत नाही. थंडीत तीच ऊब देते.

तेव्हा ठरवलं, पुढची सायकल अशी करायची की आपल्याशिवाय कोणाला तिच्यावर बसावंसं वाटू नये.

आपण जालना जिल्ह्यातली माणसं. भंगार आपल्याला नवीन नाही. जालन्याच्या कारखान्यांत भंगार वितळवून सळई होते आणि ती सळई राज्यभर बांधकामाला जाते. आपल्या दारातल्या गंजक्या सायकलीची वाट तीच, म्हणजे भंगारवाला, मग भट्टी. आपली जुनी काळी सायकल वीसेक किलो भरते. वजनावर विकली तर तुटपुंजे पैसे येतात. पण तिच्यातली फ्रेम, चिमटा, चाकाचे हब हे भाग चाळीस-चाळीस वर्षं चालतात. आधी गंजतात ते आरे, चेन, ब्रेकच्या तारा. म्हणजे सायकल मरते ती स्वस्त भागांमुळे आणि भंगारात जातो महागडा भाग.

आम्ही तिघी जणी भंगारवाल्याकडे गेलो. फ्रेम आणि चिमटा साडेतीनशेला, दोन चाकं तीनशेला. टायर-ट्यूब नवे सहाशे चाळीस, चेन दीडशे, ब्रेकचे गुटके आणि तारा एकशे वीस, छर्रे आणि ग्रीस साठ. दुकानवाल्या काकांना मजुरी दोनशे, ती पण शिकवण्याच्या अटीवर. एकूण १,८२० रुपये. हा माझा खर्च, तुमच्या गावचा भाव वेगळा असेल.

चुका बऱ्याच केल्या, त्या तुम्हाला सांगते म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

पहिली चूक टायरची. चाक २६ इंची, म्हणून २६ चं टायर आणलं. बसेना! दोघींनी गुडघे टेकून ओढलं तरी बसेना. मग कळलं, २६ म्हणजे एकच २६ नसतं. साध्या लेडीज सायकलीचं आणि जाड टायरच्या गिअरवाल्या सायकलीचं २६ वेगळं. टायरच्या कडेला बारीक अक्षरात नंबर असतो, एकीवर ३७-५९०, दुसरीवर ४७-५५९ असा. त्यातले शेवटचे तीन आकडे जुळले तरच टायर रिमवर बसतं. जुनं टायर फेकण्याआधी तो नंबर वहीत उतरवून घ्या.

दुसरी चूक पायडलची. उजवं पायडल निघालं, डावं काही निघेना. पान्यावर उभं राहिलो, तेल सोडलं, अर्धा दिवस गेला. काका आले आणि हसले. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. आपण ते सोडवत नव्हतो, घट्ट करत होतो.

तिसरी चूक आऱ्यांची. जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० आरे असतात. नव्या पद्धतीच्या बऱ्याच सायकलींना दोन्हीकडे ३६. रिमला ३६ भोकं आणि हबला ४० असतील तर ते जुळत नाही. म्हणून चाक शक्यतो अख्खं घ्या, सुटं जोडू नका. आणि घेताना फिरवून बघा. डुलत असेल तर आऊट काढावा लागतो, ते काम अजून आम्हाला नीट जमत नाही, ते काकाच करतात.

पाना हातात धरायला लाज वाटायची. बायकांचं काम नाही म्हणायचे. मग मी एक माहिती सांगायला लागले. किर्लोस्करांचा नांगर आणि इंजिन आपल्या आजोबांना माहीत. त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानापासून. लोखंड समजून घ्यायला सायकलीसारखी शाळा नाही. सगळे भाग उघडे, सगळं डोळ्यांना दिसतं. शिलाई मशीन ज्या बाईला उघडता येतं, तिला सायकल का येऊ नये?

आता त्या मुलीची गोष्ट, जिच्यासाठी मी आज खरं बोलायला आले.

गटातल्या एका ताईची मुलगी दहावी पास झाली. कॉलेज तालुक्याला, नऊ किलोमीटर. मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळते, पण ती शाळेच्या पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांसाठी. ही त्यात बसली नाही. एसटीची वेळ आणि कॉलेजची वेळ जुळत नव्हती. महिनाभर कसंबसं गेली, मग घरी बसली. मुलगी घरी बसली की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पंधरा दिवसांत पहिलं स्थळ आलं. वय सतरासुद्धा पूर्ण नव्हतं.

आम्ही बैठकीत म्हटलं, हिला वाकळ सायकल करून देऊ. तर मुलगी रडायला लागली. "मला सगळे हसतील." आणि तिची आजी, जी कधी बैठकीत बोलत नाही, ती म्हणाली, "बाईच्या जन्माला शिळी भाकर, फाटकं लुगडं. आता सायकल पण भंगारातलीच का?"

मैत्रिणींनो, मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री झोप आली नाही. आजींचं म्हणणं खरं आहे. उरलेलं गोड मानून घ्यायची सवय आपल्याला लहानपणापासून लावलेली आहे आणि मी त्याचंच कौतुक करत होते की काय?

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, "आजी, नव्या सायकलीची मागणी आपण सोडायची नाही. ग्रामसभेत मांडू, एसटीच्या वेळेचा अर्ज देऊ. पण तो मंजूर होईपर्यंत पोरीचं लग्न होऊन जाईल. आणि शिळी भाकर आपल्याला दुसरं कोणी वाढतं. ही सायकल आपण ठरवून करू, नाव पोरीचं राहील, चावी पोरीकडे राहील." आजी काही बोलल्या नाहीत. पण नातीला म्हणाल्या, "जा, बघ तरी."

मुलीला मी रंगाचे उरलेले डबे दिले आणि सांगितलं, गावात सगळ्यात वाईट दिसेल अशी रंगव. सुरुवातीला रुसून एक पट्टा मारला. मग दुसरा. मग मैत्रिणींना बोलावलं. गुलाबी मडगार्ड, निळे आरे, हॅन्डलला पतंगाच्या शेपटीसारख्या चिंध्या. संध्याकाळी चौघी पोट धरून हसत होत्या. तेव्हा मला समजलं, सायकल नाइलाजाने वाईट दिसत असेल तर लोक आपल्याला हसतात. आपण ठरवून वाईट केली तर आपण आधी हसलेलो असतो, लोकांना हसायला फारसं उरत नाही.

हे वेड फक्त आपलंच नाही बरं का. नेदरलँड देशात माणसांपेक्षा सायकली जास्त. तिथे चोऱ्याही तशाच. म्हणून लोक रेल्वे स्टेशनवर लावायला मुद्दाम जुनी, गंजकी सायकल ठेवतात. आणि जवळचं उदाहरण तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्याचं. तिथे १९९१ मध्ये साक्षरता मोहीम चालली होती. शीला राणी चुंकत जिल्हाधिकारी होत्या. त्यांनी अक्षरांबरोबर बायकांना सायकल शिकवायची ठरवली. खाणीत काम करणाऱ्या, शेतात मजुरी करणाऱ्या, दवाखान्यातल्या परिचारिका अशा हजारो बायका शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तर त्या बायका पुरुषांच्या दांड्याच्या सायकलींवर बसल्या. वर म्हणाल्या की दांडा बराच, त्यावर लेकरू बसवता येतं! योग्य सायकल मिळेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे. तशी वाकळ सायकलीची पंचसूत्री आम्ही केली आहे, वहीत लिहून घ्या.

एक. रूपाला सूट, ब्रेकला नाही. दोन्ही ब्रेक हवेत आणि गुटके नवेच हवेत.

दोन. चिमट्याला चीर किंवा वेल्डिंगचा जोड दिसला तर तो घेऊ नका. चालत्या सायकलीचा चिमटा तुटला तर माणूस तोंडावर पडतो.

तीन. टायर, ट्यूब, चेन नवीन घ्या. आपल्याकडे बाभळीचे काटे फार, म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी कापून टायर आणि ट्यूबच्या मधे घाला. पंक्चर बरीच कमी होतात.

चार. पावसाळ्यात मडगार्ड काढून ठेवा. काळ्या मातीचा चिखल त्यात अडकला की चाक फिरत नाही. मागे लाल रिफ्लेक्टर मात्र बारा महिने हवा, अंधारात रंग दिसत नाहीत.

पाच. भंगारवाल्याकडून चिठ्ठी घ्या, फ्रेमवरचा नंबर गटाच्या रजिस्टरला लिहा आणि पुढे बाईचं किंवा मुलीचं नाव लिहा. चोरीची सायकल आपल्याकडे येऊ नये आणि आपली सायकल कोणी आपली म्हणू नये, दोन्हींसाठी.

आज आमच्या भागात अशा सात सायकली आहेत. दोन जणी त्यावरून बँकेत जातात, एक आशाताई घरभेटी देते. एक सायकल बंद पडलेली आहे, फ्रीव्हील मिळत नाही, तेही सांगून टाकते. आणि ती मुलगी बारावीत आहे. कॉलेजच्या स्टॅन्डवर तिची सायकल शोधावी लागत नाही. तिच्या भावाने एकदा मागितली होती, शेजारच्या गावी लग्नाला जायला. मग तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "राहू दे, मी चालत जातो."

पुढच्या बैठकीत हिशोब झाला की एवढंच विचारा, कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या माळवदावर गंजकी सायकल पडून आहे? त्याची यादी करा. भंगारवाला येण्याआधी.