विसाराआधी फोन करा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



प्रत्येकाने आपल्या कामातले, इतरांच्या उपयोगी पडेल असे काहीतरी सांगावे, असा संयोजकांचा आग्रह आहे. मी आर्किटेक्ट आहे. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात बांधकामाचे नकाशे मंजूर करून घेणे हे माझे रोजचे काम. लोक येतात, फाईल टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "तेवढा प्लॅन पास करून द्या." मी आधी विचारतो, "जागा कुणाच्या हद्दीत येते?"

आपल्याकडे हा प्रश्न साधा नाही. १९६२ साली एमआयडीसी आली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ साली महानगरपालिका आणि २०१५ साली पीएमआरडीए. २०२१ साली प्राधिकरण पीएमआरडीएत विलीन झाले. चाकणजवळ रस्त्याच्या एका बाजूचा कारखाना एमआयडीसीच्या परवानगीने उभा राहतो, तर समोरच्या शेतातल्या घरासाठी पीएमआरडीएकडे जावे लागते. तरीही ग्रामपंचायतीचा दाखला दाखवून "परवानगी आहे" म्हणणारे अजून भेटतात.

मागे एक गृहस्थ आले. कारखान्यात फिटर, निवृत्तीला चार वर्षे उरलेली. दीड गुंठा जागा ठरवली होती आणि दुसऱ्या दिवशी विसार द्यायचा होता. सातबारा पाहिला, तर ११ गुंठ्यांवर ११ नावे. त्यांचा दीड गुंठा नेमका कोणता, हे कागदावर कुठेच नव्हते. झोन शेतीचा, रेखांकन मंजूर नाही, रस्ता फक्त एजंटच्या रंगीत पत्रकावर.

मी सांगितले, यावर नकाशा मंजूर होणार नाही. ते म्हणाले, "एजंट म्हणतो, अर्ज टाकून ६० दिवस गेले की परवानगी मिळाल्यासारखीच." १९६६ च्या नगररचना कायद्यात ६० दिवसांची तरतूद आहे, हे खरे. पण नकाशा विकास योजनेला आणि नियमांना धरून असेल तरच तिचा उपयोग. शेतीझोनमधला बेकायदा तुकडा ६१ व्या दिवशी कायदेशीर होत नाही.

ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग आमच्यासारख्यांनी घर बांधायचं कुठं?" हा प्रश्न खोटा नाही. मंजूर रेखांकनातला भूखंड कामगाराच्या आवाक्यात राहिलेला नाही, म्हणून तर माणूस गुंठेवारीकडे वळतो. २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला, पुढे त्याची मुदत डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. त्यामुळे "घेऊन टाका, पुढे नियमित होईल" हा सल्ला सगळीकडे मिळतो. पण नियमित होणे म्हणजे दंड, शुल्क आणि अटी; आणि नदीपात्रातले किंवा आरक्षणातले बांधकाम त्यात बसेलच असे नाही.

२०२५ च्या मे महिन्यात चिखलीत काय झाले ते आपण पाहिले. इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आतले ३६ बंगले महापालिकेने पाडले. आदेश हरित लवादाचा होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. भूगोलाच्या तासाला बाई सांगायच्या, नकाशा बघायच्या आधी सूची वाचा. तेवढे केले तरी अर्धे काम होते.

म्हणून मी येणाऱ्याला चार गोष्टी आणायला सांगतो. चालू तारखेचा सातबारा आणि त्यावरचे फेरफार. 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचायचा. झोन दाखला. सरकारी मोजणीचा नकाशा. आणि मंजूर रेखांकनाची प्रत, एजंटची नव्हे, कार्यालयाची. हे जुळत असेल तर छोट्या भूखंडावरची परवानगी २०२० च्या एकत्रित नियमावलीने बरीच सोपी केली आहे. अडते ते बहुधा नकाशात नाही, जमिनीत.

ते गृहस्थ नाराज होऊन गेले. पुढे त्यांनी भोगवटा प्रमाणपत्र असलेल्या इमारतीत जुना वन बीएचके घेतला. अंगण हवे होते ते राहिलेच. "पण रात्री झोप लागते," असे ते म्हणाले.

"नाही" म्हटले की माझी फी जाते, आणि ओळखीच्या माणसाला "नाही" म्हणणे त्याहून अवघड. तरीही तुमच्यापैकी कुणी, तुमच्या मुलांपैकी कुणी जागा घेणार असेल, तर विसार देण्याआधी फोन करा. विसारानंतर माझ्याकडे येण्यात फारसा अर्थ उरत नाही. सातबारा घेऊन या. वर्गमित्रांना चहा आणि सल्ला दोन्ही फुकट.