सिगारेटमधील टार-निकोटीन : मर्यादेचा वाद आणि आमचा अनुभव

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून वैद्यकीय विभागाने एखादा विषय आपणांसमोर मांडावा, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदा विषय ठरविण्यास आम्हांस फार वेळ लागला नाही. हृदयविकार आणि श्वसनविकार या दोन्ही बाह्यरुग्ण विभागांत एक प्रश्न वारंवार कानी पडतो. तो सहसा रुग्ण विचारीत नाही. रुग्ण तपासणीच्या टेबलावरून उतरून शर्टाची बटणे लावीत असतो, तेवढ्यात त्याची पत्नी दबक्या आवाजात विचारते, "डॉक्टर, यांची सिगारेट काही सुटत नाही. निदान लाईट घेतली, तर चालेल का?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा चुकीचे दिले आहे. ती हकीकत कुटुंबीयांच्या संमतीने, नाव न घेता, सांगतो.

२०११ साली एक निवृत्त गृहस्थ हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यानंतर आमच्याकडे तपासणीस येत असत. रोजच्या दहा सिगारेटी. त्यांचा मुलगा जर्मनीत नोकरीस होता. तो सुटीवर येताना वडिलांसाठी सिगारेटचा एक मोठा खोका घेऊन आला आणि त्यातले एक पाकीट आमच्या टेबलावर ठेवले. पाकिटाच्या बाजूस छापलेले होते : टार १ मिलिग्रॅम, निकोटीन ०.१ मिलिग्रॅम. त्या तरुणाच्या मनात बापाविषयीच्या काळजीखेरीज दुसरे काही नव्हते. आम्ही म्हणालो, पूर्ण सोडणे उत्तमच. पण ते होईपर्यंत ही परवडली.

चौदा महिन्यांनी ते गृहस्थ दुसऱ्या झटक्याने अतिदक्षता विभागात दाखल झाले. बोलण्याइतपत बरे वाटल्यावर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मी तुमचंच ऐकलं. दहाच्या अठरा झाल्या खऱ्या, पण त्या हलक्या होत्या ना?" यावर आम्हांला काही बोलता आले नाही. ते पुढे दोन वर्षे जगले, बहुतेक काळ अंथरुणात.

आमची ती चूक अज्ञानाची होती, पण क्षम्य अज्ञानाची नव्हती. कमी टारच्या सिगारेटींनी सार्वजनिक आरोग्यास लाभ झाल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ सालीच एका सविस्तर ग्रंथात मांडला होता. तो वाचणे आमचे कामच होते.

हे आकडे येतात कोठून, हे समजल्याशिवाय सरकारांमधील वाद कळावयाचा नाही. टार म्हणजे रस्त्यावरचे डांबर नव्हे, आणि ते कारखान्यात कोणी सिगारेटमध्ये घालीतही नाही. तंबाखू जळताना निघणाऱ्या धुरातील कण गोळा करून त्यांतून पाणी आणि निकोटीन वजा केले, की जो चिकट, तपकिरी अवशेष उरतो, त्यास टार म्हणतात. कर्करोगास कारण होणारी अनेक द्रव्ये त्यात असतात. निकोटीनचे काम निराळे. ते नाडी जलद करते, रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि मुख्य म्हणजे माणसाला बांधून ठेवते. तिसरा कार्बन मोनॉक्साइड वायू. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. हृदयरुग्णाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व टारहून कमी नाही, परंतु त्याची चर्चा क्वचितच होते.

हे मोजण्यासाठी यंत्र आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९६७ साली ठरविलेल्या पद्धतीत यंत्र मिनिटाला एक झुरका घेते, प्रत्येक झुरका दोन सेकंदांचा आणि ३५ मिलिलिटरचा. सिगारेट ठराविक लांबीच्या थोटकापर्यंत जळाली, की गाळणीवर जमलेले द्रव्य तोलावयाचे. यंत्राला तलफ नसते. ऑफिसमध्ये साहेबांनी बोलणी ऐकविली म्हणून ते जोराने झुरका घेत नाही. माणूस घेतो. त्याच्या शरीराला निकोटीनची ठराविक मात्रा हवी असते. सिगारेट 'हलकी' असली, तर तो खोल ओढतो, धूर अधिक वेळ धरून ठेवतो, थोटूक बोटांना चटका लागेतो सोडीत नाही, आणि एवढ्यानेही भागले नाही, तर आणखी एक पेटवितो. आमच्या रुग्णाच्या दहाच्या अठरा झाल्या, त्या अशा.

याहून गंभीर बाब फिल्टरची. पुष्कळशा कमी टारच्या सिगारेटींच्या फिल्टरभोवती सुईच्या टोकाहूनही बारीक छिद्रांची एक रांग असते. यंत्राच्या नळीत ती उघडी राहतात, त्यांतून हवा शिरते, धूर पातळ होतो आणि आकडा खाली येतो. माणसाच्या हातात आली, की तीच छिद्रे बोटांखाली आणि ओठांखाली झाकली जातात. म्हणजे पाकिटावरचा १ मिलिग्रॅम हा यंत्राच्या वाट्याचा होता. आमच्या रुग्णाच्या छातीत किती जात होता, ते कोणीच मोजले नव्हते. (फिल्टरचा इतिहास मोठा विलक्षण आहे. १९५२ ते १९५६ या काळात एका प्रसिद्ध अमेरिकी सिगारेटच्या फिल्टरमध्ये चक्क ॲस्बेस्टॉस होते, आणि त्याची जाहिरात आरोग्यरक्षक म्हणून होत असे.)

आता सरकारांकडे वळू. टार कमी करण्याची कल्पना सिगारेट कंपन्यांपुरती मर्यादित नव्हती. प्रामाणिक वैद्यांनीही ती उचलून धरली होती. ब्रिटनमधील मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये असे सुचविले, की माणूस ओढतो निकोटीनसाठी आणि मरतो टारमुळे, तर टार कमी आणि निकोटीन मध्यम अशी सिगारेट तयार करावी. विचार तर्कशुद्ध होता. युरोपीय समुदायाने १९९० साली कायदेशीर मर्यादाच घातली : १९९२ च्या अखेरपासून प्रत्येक सिगारेटमागे टार १५ मिलिग्रॅमहून अधिक नको, १९९७ च्या अखेरपासून १२ नको. २००१ च्या निर्देशाने १ जानेवारी २००४ पासून टार १०, निकोटीन १ आणि कार्बन मोनॉक्साइड १० मिलिग्रॅम अशी मर्यादा आली. 'लाईट', 'माइल्ड' असे शब्द पाकिटावर छापण्यास बंदी झाली. परदेशी पाठवावयाच्या सिगारेटींनाही तीच मर्यादा लागू करण्याचे ठरले, तेव्हा मोठ्या कंपन्या न्यायालयात गेल्या. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये निर्देश वैध ठरविला.

पण 'लाईट' हा शब्द पाकिटावरून गेला, तरी आकडा राहिला आणि त्याने शब्दाचे काम चालू ठेवले. आमच्या टेबलावर आलेल्या पाकिटावर 'लाईट' असे कोठेही लिहिलेले नव्हते, हे आम्हांस आजही आठवते. युरोपला ही गोष्ट उमगली. २०१४ च्या निर्देशाने मर्यादा कायम ठेवल्या, मात्र टार-निकोटीनचे आकडे पाकिटावर छापणे थांबविले, कारण ते ग्राहकाची दिशाभूल करतात. अमेरिकेच्या व्यापार आयोगानेही २००८ साली यंत्राच्या त्या पद्धतीवरील आपली संमती काढून घेतली.

टारच्या मर्यादेचा मुळीच उपयोग झाला नाही, असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे ठरेल. नऊ लाखांहून अधिक अमेरिकनांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिनफिल्टरच्या, फार जास्त टारच्या सिगारेटी ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक आढळले. पण मध्यम, कमी आणि अतिशय कमी टार यांच्यात फरक दिसला नाही. शिवाय अमेरिकेच्या सर्जन जनरल यांच्या २०१४ च्या अहवालानुसार, १९५० नंतर सिगारेटच्या रचनेत झालेल्या बदलांमुळे ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारच्या फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढला. खोल ओढलेला धूर फुप्फुसाच्या कडेपर्यंत पोहोचतो, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

आपल्या देशाची स्थिती याहून चमत्कारिक आहे. २००३ च्या केंद्रीय कायद्याच्या सातव्या कलमात असे म्हटले आहे, की पाकिटावर निकोटीन व टारचे प्रमाण त्यांच्या कमाल मर्यादेसह छापावे आणि ते प्रमाण त्या मर्यादेपलीकडे जाऊ नये. या मर्यादा नियमांनी ठरवावयाच्या होत्या. त्या दीर्घकाळ ठरविल्याच गेल्या नाहीत. तपासणीसाठी नोएडा, मुंबई आणि गुवाहाटी येथे राष्ट्रीय प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, त्याही कायद्यानंतर पुष्कळ वर्षांनी. मधल्या काळात भारताने जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारास २००४ साली मान्यता दिली, आणि त्या कराराच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की टार-निकोटीनचे आकडे पाकिटावर छापण्याची सक्ती करू नये. म्हणजे आपला कायदा जे छापा म्हणतो, ते छापू नका असे आपणच मान्य केलेल्या कराराच्या सूचना म्हणतात.

याविषयी आमच्यात एकमत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. श्वसनविकार विभागातील काही तरुण सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की कोणतीच मर्यादा नसण्यापेक्षा सदोष मर्यादा बरी. निदान उत्पादकाला सरकारी प्रयोगशाळेपुढे उत्तर तरी द्यावे लागेल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आमच्यापैकी बहुतेकांना वाटते, की मर्यादा खुशाल ठरवावी, प्रयोगशाळांनी तपासणी करावी, पण तो आकडा सरकारच्या दप्तरात राहावा, पाकिटावर येऊ नये. आपल्याकडे टपरीवर सिगारेट सुटी घेण्याची रीत मोठी. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विक्रीस बंदी केली, तरी ही सवय एका आदेशाने जाणारी नव्हे. सुटी घेणाऱ्याला पाकीट दिसतच नाही, आणि ज्याला दिसेल त्याला तो आकडा खोटा धीर देईल.

अलीकडे वादाने नवे वळण घेतले आहे, आणि ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. धुरातील निकोटीन नव्हे, तर तंबाखूतलेच निकोटीन इतके कमी करावे, की व्यसन लागूच नये, असा हा विचार आहे. नील बेनोविट्झ आणि जॅक हेनिंगफील्ड या अमेरिकी संशोधकांनी तो १९९४ साली मांडला. येथे छिद्रे झाकून किंवा खोल ओढून काही साधत नाही, कारण ओढून काढण्याजोगे निकोटीन पानात उरलेलेच नसते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या सहा आठवड्यांच्या एका प्रयोगात अशा सिगारेटी मिळालेल्यांनी रोज कमी सिगारेटी ओढल्या. न्यूझीलंडने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा करून तंबाखूच्या प्रत्येक ग्रॅममागे ०.८ मिलिग्रॅम अशी मर्यादा ठरविली. सरकार बदलले आणि तो अंमलात येण्यापूर्वीच फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये ०.७ मिलिग्रॅमचा प्रस्ताव मांडला. नेहमीच्या सिगारेटच्या तंबाखूत याच्या वीसपटीहून अधिक निकोटीन असते. काळा बाजार वाढेल, महसूल बुडेल, शेतकऱ्याचे काय, असे आक्षेप घेतले जातात. ते सर्वस्वी पोकळ नाहीत.

आणि हा सारा वाद आपल्या वॉर्डात आणून ठेवला, म्हणजे त्याचे तोकडेपण दिसते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील प्रौढांपैकी सिगारेट ओढणारे ४ टक्के, बिडी ओढणारे ७.७ टक्के, आणि बिनधुराचा तंबाखू वापरणारे २१.४ टक्के होते. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, तर तंबाखू चघळणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के. मिश्रीच्या डबीला टारची मर्यादा कशी लावावयाची? बिडीचे तेंदूपान धूर सहज येऊ देत नाही, ती विझू नये म्हणून सारखी ओढावी लागते. त्यामुळे बिडी ही गरिबाची सौम्य सिगारेट, ही समजूत खरी नाही. उद्या केवळ सिगारेटमधील निकोटीन घटविले आणि बिडी-जर्दा तसाच ठेवला, तर तलफ लागलेला माणूस कोठे वळेल, हे सांगण्यास तज्ज्ञ नको. मर्यादा यावयाची, तर ती सर्व तंबाखूला यावी, आणि सोलापुरात बिड्या वळून घर चालविणाऱ्या भगिनींच्या पर्यायी रोजगाराचा विचार तीसोबतच व्हावा.

त्या गृहस्थांच्या निधनानंतर आम्ही 'लाईट चालेल का' या प्रश्नास एकच उत्तर देतो : नाही. मात्र एवढे बोलून रुग्णास घरी धाडीत नाही. देणगीदारांच्या साहाय्याने चालणाऱ्या आपल्या व्यसनमुक्ती कक्षात त्याच दिवशी त्याचे नाव नोंदविले जाते. निधीचा मोठा भाग दोन बाबींवर खर्च होतो : समुपदेशकांचे मानधन आणि गरजू रुग्णांना मोफत दिली जाणारी निकोटीनची गोळी, जी चघळून तलफ भागते आणि धूर छातीत जात नाही. ज्यांना येथवर येणे जमत नाही, त्यांनी १८००-११-२३५६ या शासनाच्या निःशुल्क दूरध्वनीवर बोलावे. हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवरही छापलेला असतो.

नातेवाइकांना विनंती अशी, की पहिल्या भेटीस रुग्णासोबत यावे आणि आठवडाभरातली रिकामी पाकिटे, बिडीची बंडले, मिश्रीची डबी, जे असेल ते पिशवीत घालून आणावे. रुग्ण सांगतो त्या आकड्यापेक्षा पिशवी अधिक खरे सांगते. कक्ष बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेतच उघडा असतो, आणि त्यासाठी निराळा केसपेपर काढावा लागत नाही.