शून्याचा मानकरी

क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झालेला फलंदाज मान खाली घालून परततो. परंतु अमेरिकेतील एका खेळाडूला त्याच शून्याने कीर्ती मिळवून दिली. त्याचे नाव फ्रँक ब्रिम्सेक.

मिनेसोटा राज्यातील एव्हलेथ हे लोखंडाच्या खाणींचे गाव. तेथील हा मुलगा बर्फावरील हॉकीत गोलरक्षक झाला. या धंदेवाईक खेळात त्या काळी कॅनडाच्या खेळाडूंचेच वर्चस्व होते. १९३८ साली बॉस्टन ब्रुइन्स संघाने आपला लोकप्रिय गोलरक्षक टायनी थॉम्प्सन डेट्रॉइटला विकला आणि त्याच्या जागी या नवख्याला उभे केले. प्रेक्षक रुष्ट झाले. त्यातच पहिल्या सामन्यात हार झाली. मात्र पुढील सातांपैकी सहा सामन्यांत त्याने प्रतिपक्षाला एकही गोल करू दिला नाही. तेही रबराची कठीण चकती सुसाट अंगावर येत असता, तोंडावर मुखवटा नसताना! लोक त्याला कौतुकाने 'मिस्टर झीरो' म्हणू लागले. १९३९ व १९४१ साली बॉस्टनने स्टॅन्ले चषक जिंकला.

पुढे महायुद्धात, १९४३ पासून, त्याचे दोन हंगाम किनारारक्षक दलाच्या सेवेत गेले. परतल्यावर पूर्वीची चपळाई उरली नव्हती. तरी तो १९५० पर्यंत खेळला. नंतर त्याने रेल्वेचे इंजिन चालविले. १९६६ साली हॉकीच्या कीर्तिमंदिरात त्याला स्थान मिळाले.

गोल करणाऱ्याचे यश फलकावर दिसते. रक्षणकर्त्याचे यश मात्र जे घडले नाही त्यातच शोधावे लागते.