किनाऱ्याचं ऊन, डोंगराचं पाणी

स्पेनच्या दक्षिणेला आंदालुसिया नावाचा प्रांत आहे. तिथल्या भूमध्य समुद्राच्या एका किनारपट्टीला ‘कोस्ता देल सोल’ म्हणतात, म्हणजे सूर्याचा किनारा. वर्षाचे साधारण ३०० दिवस तिथं लख्ख ऊन असतं. आपल्याकडे माणसं उन्हापासून पळून माथेरान-महाबळेश्वर गाठतात. उत्तर युरोपातली माणसं त्याच उन्हासाठी पैसे मोजून इथं येतात. हा किनारा ऊन विकतो. त्या मुलखाचं जगणं मात्र डोंगरातून उतरणाऱ्या पाण्यावर चालतं. हे पाणी शेतापर्यंत ज्यांनी आणलं त्यांचं पुढं काय झालं, ते आज सांगायचं आहे.

सुरुवात किनाऱ्यापासून करू. मालागा हे इथलं मोठं शहर. चित्रकार पिकासोचा जन्म १८८१ साली इथलाच. मालागाहून लोकल गाडीनं विमानतळ ओलांडला की तोर्रेमोलिनोस येतं. नावाचा अर्थ बुरूज आणि गिरण्या. झऱ्यांच्या पाण्यावर पिठाच्या चक्क्या चालायच्या, बाकी वस्ती कोळ्यांची. १९५९ साली इथं ‘पेस एस्पादा’ हे मोठं आलिशान हॉटेल उघडलं. फ्रँकोच्या हुकूमशाही राजवटीला परकीय चलन हवं होतं, इंग्लंड-जर्मनीच्या कामगाराला भरपगारी सुटी आणि स्वस्त विमान मिळालं होतं. दोन्ही गरजा जुळल्या आणि दहा-पंधरा वर्षांत वाळूला लागून इमारतींची भिंत उभी राहिली.

जुन्या वस्तीची एक खूण टिकून आहे. होडीत वाळू भरून तिच्यावर लाकडं पेटवतात आणि काठीत ओवलेले तारलीसारखे मासे त्या आचेवर भाजतात. रत्नागिरीच्या माणसाला तो वास ओळखीचा वाटेल.

२०२४ साली स्पेनमध्ये सुमारे ९ कोटी ४० लाख परदेशी पाहुणे आले. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आत आहे. त्याच वर्षी जूनमध्ये मालागाचे हजारो रहिवासी रस्त्यावर उतरले. घरं पर्यटकांना भाड्यानं जातात, आम्ही राहायचं कुठं, हा त्यांचा सवाल होता. पाण्याचीही तीच ओढाताण. २०२४ च्या सुरुवातीला या भागातल्या विन्युएला धरणात आठ टक्क्यांहूनही कमी पाणी उरलं होतं. मार्च २०२५ च्या पावसानं ते सावरलं, पण धडा विसरण्याजोगा नव्हता.

आता किनारा सोडून वर चढू. नेर्खा या समुद्रकाठच्या गावापासून सहा-सात किलोमीटरवर फ्रिहिलियाना आहे. चुन्यानं पांढरी केलेली घरं, गाढवाला जेमतेम वाट मिळेल अशा दगडी चढणी, दारात फुलझाडांच्या कुंड्या. या गावात काकवी करतात. होय, उसाची काकवी! युरोपच्या मुख्य भूमीवर अशी काकवी करणारा हा अखेरचा कारखाना मानला जातो. वांग्याच्या तळलेल्या कापांवर ती काकवी ओतून खातात. ऊस या किनाऱ्यावर आणला अरबांनी. पुढं शेकडो वर्षं तो पिकला. किनाऱ्यावरचा शेवटचा साखर कारखाना २००६ साली बंद पडला.

त्या ताटातले शब्द ऐका. साखरेला स्पॅनिशमध्ये ‘असुकार’ म्हणतात. संस्कृतातली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली आणि अरबीतलं ‘अल’ हे उपपद चिकटून स्पेनमध्ये असुकार. वांगं तिथं ‘बेरेनहेना’, अरबी-फारसीतलं बादिंजान. संत्रं ‘नारांखा’, आपली नारिंगी. उशीला ‘अल्मोहादा’, कापसाला ‘अल्गोदोन’. ग्रानादाचा कवी लोर्का १९३६ साली मारला गेला. त्याच्या अखेरच्या कवितांतल्या काहींना त्यानं गझल आणि कसीदा अशी नावं दिली आहेत. आम्हा कवींना शब्दांचा हा प्रवास सुखावतो. पण हे शब्द बोलणारी माणसं कुठं गेली, असं विचारलं की गोष्ट गंभीर होते.

२ जानेवारी १४९२ रोजी ग्रानादा पडलं आणि स्पेनमधली मुस्लिम सत्ता संपली. तहात धर्म आणि रीतिरिवाज सांभाळण्याची हमी होती. ती दहा वर्षंही टिकली नाही. सक्तीनं धर्मांतरं झाली. या धर्मांतरितांना मोरिस्को म्हणत. १५६७ साली त्यांची अरबी भाषा, पोशाख, हमामखाने यांवर बंदी आली. १५६८ च्या नाताळात सिएरा नेवाडाच्या दक्षिण उतारावरच्या अल्पुहारा भागात बंड पेटलं. बंडखोरांनी गावोगावचे पाद्री मारले, राजाच्या सैन्यानं गावंच्या गावं कापली. क्रौर्य दोन्हीकडचं होतं. बंड मोडल्यावर या मोरिस्कोंना स्पेनच्या इतर भागांत पांगवलं आणि १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर घालवलं. फ्रिहिलियानाजवळच्या कड्यावर १५६९ साली झालेल्या लढाईची हकिकत गावातल्या भिंतींवर चिनी मातीच्या फरश्यांवर लिहिलेली आहे. गावानं ती पुसलेली नाही, ही मला मोठी गोष्ट वाटते.

रिकाम्या अल्पुहारात उत्तरेकडून नवी कुटुंबं आणून वसवली. त्यांना ना ही माती माहीत, ना इथलं पाणी. पाण्याची वाट दाखवायला प्रत्येक गावात दोन-दोन मोरिस्को कुटुंबं मुद्दाम ठेवून घेतली, असं तिथं आजही सांगतात. हाकलायचं त्यालाच, आणि शिकायचंही त्याच्याकडूनच!

त्या पाण्याची वाट म्हणजे ‘असेकिया’. शब्द पुन्हा अरबी, साकिया. आपल्या भाषेत पाट. पाम्पानेइरा, बुबियोन, कापिलेइरा ही एकाच दरीतली तीन गावं. वर मुलासेन हे सुमारे ३४८० मीटर उंचीचं शिखर. वसंतात बर्फ वितळलं की ते पाणी उंचावरच्या पाटांतून फिरवून खडकाळ उतारावर सोडून देतात. सोडून देतात म्हणजे वाया घालवत नाहीत. डोंगर ते पिऊन घेतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात खालच्या झऱ्यांतून परत देतो. धरण नाही, पंप नाही. पाटाची वाट, पाळी आणि डागडुजी बघायला एक माणूस असतो. धुळ्याकडे पांझरेकाठच्या फड पद्धतीत त्याला पाटकरी म्हणतात, काम तेच.

घरंही आपल्या ओळखीची. सपाट छत, वर चेस्टनटच्या तुळया, त्यावर दगडी फरश्या आणि पाणी झिरपू न देणारी करडी माती थापलेली. मराठवाड्यातलं माळवद पाहिलेल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

पण १९६० नंतर हीच गावं ओस पडत गेली. पोरं बार्सिलोनाला गेली, जर्मनीला गेली आणि खाली किनाऱ्यावरच्या हॉटेलांत वेटर झाली. पाटकरी म्हातारे झाले, पाट गाळानं भरले. पाट बुजला की खालचा झरा आटतो, झरा आटला की चेस्टनटची झाडं वाळतात. २०१४ साली ग्रानादा विद्यापीठाच्या पुढाकारानं कान्यार गावाजवळचा जुना पाट विद्यार्थी, स्वयंसेवक आणि गावकऱ्यांनी कुदळ-फावडी घेऊन मोकळा केला. तेव्हापासून असे आणखी पाट जिवंत होत आहेत. फावडं मारणाऱ्यांत मोरिस्कोंचा वंशज कुणी असेल-नसेल. पाण्याला त्याचं काही नाही. वारसा रक्तानं येतो तसा कामानंही येतो.

तिकडे जाण्याचा योग आला, तर किनाऱ्याचे दोन दिवस कमी करा आणि ग्रानादाहून अल्पुहाराची बस धरा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. गावातल्या खाणावळीत जेवा, गावातच मुक्काम करा. तुमचा पैसा तिथं पोचला तर एखादं पोर किनाऱ्यावर जाण्याऐवजी घरी थांबेल. आणि पाटाच्या कडेनं चालताना एखादा म्हातारा भेटला आणि यंदा बर्फ बरं पडेल का असं विचारलंत, तर तो ‘ओहाला’ म्हणेल. ‘अल्लाहच्या मनात असेल तर’ या जुन्या अरबी बोलातून आलेला तो शब्द. तो म्हातारा कॅथलिक असतो आणि तो मनापासून म्हणत असतो.